भाव पडला की पाडला? नावडत्या नायकाला आतून लिहिताना

तुझं अडलं कुठे ते आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. तू ट्वाइनमध्ये, म्हणजे क्लिक करत पुढे जाणाऱ्या गोष्टी लिहायच्या सॉफ्टवेअरमध्ये, एक खेळता येणारी गोष्ट लिहून राहिली, नायक आहे मनोहर नावाचा संत्र्याचा व्यापारी. वामनरावांसारख्या शेतकऱ्यांचे नागपूर जिल्ह्यातले काटोलकडचे बगीचे, म्हणजे झाडावरचा सगळा माल, तोडीआधीच घेतो, इसार देतो आणि तोडीची वेळ आली की काहीतरी खुसपट काढून भाव पाडतो. सहा जणांना खेळायला दिली, चौघांनी अर्ध्यात सोडली, एक मैत्रीण तर म्हणाली की हा माणूस इतका डोक्यात जातो की याच्यासाठी पुढचं क्लिकच करावंसं वाटत नाही. आणि मग तू विचारलं, की ताई, मला स्वतःलाच याच्याबद्दल काही वाटत नाही, तर याला थोडा चांगला करू का, घरी आजारी आई वगैरे देऊ का.

आजारी आई नको देऊ. हा उपाय मी स्वतः दोनदा करून पाहिला आणि दोन्ही वेळा फसला. वाचणाऱ्याला लगेच कळतं की ही आई गोष्टीत राहायला आलेली नाही, लेखिकेने तिला मनोहरचं वकीलपत्र घ्यायला बोलावलंय. खाटेवर खोकणारी आई दाखवल्याने मनोहर काही आवडता होत नाही, तो आजारी आई असलेला नावडता माणूस होतो, आणि वरून खेळणाऱ्याला वाटतं की आपल्याकडे दया मागून राहिले, मग तो जास्तच आखडतो.

तुझा ड्राफ्ट मी दोनदा वाचला. एकदा खेळत आणि एकदा सगळे पॅसेज, म्हणजे गोष्टीचे तुकडे, ओळीने उघडून. तू असं धरून चालली की लोकांनी मनोहर वाईट आहे म्हणून सोडलं. मला तसं नाही वाटलं. वाईट माणसाची गोष्ट लोकं आवडीने बघतात, वाचतात, आपल्याकडे तर निळू फुले पडद्यावर आले की थिएटरात बायका बोटं मोडायच्या आणि तरी पिक्चर शेवटपर्यंत बघायच्या. पण तिथे आपण खुर्चीत बसून असतो ना, शिव्या द्यायला मोकळे. इथे तू खेळणाऱ्याला म्हणते की चल, तूच आता पाटील, आणि हात त्याचा वापरते. मग त्याला आत शिरायला जागा लागते आणि तुझ्या गोष्टीत ती जागाच नाही, कारण मनोहर अख्खाच्या अख्खा बाहेरून लिहिलेला आहे. पहिल्या पॅसेजची तुझी ओळ बघ: 'तू एक लोभी व्यापारी आहेस. तुला फक्त पैसा कळतो. वामनरावांच्या डोळ्यांत पाणी आहे पण तुला त्याचं काही नाही.' हे मनोहरला कोण सांगून राहिलं? कोणताच लोभी माणूस सकाळी उठून स्वतःला लोभी म्हणत नाही, तो म्हणतो मार्केट खराब आहे, डिझेल महाग झालं, गाडीवाला थांबायला तयार नाही. ही ओळ मनोहरची नाही, तुझी आहे.

आणि ती तुझी का आहे तेही तूच शेवटी एका ओळीत सांगून टाकलं, की मामांच्या बगीच्यात मागच्या वर्षी अगदी हेच झालं. ती ओळ वाचली आणि मी थांबली थोडा वेळ. अगं, मग तर ही गोष्ट लिहायलाच पाहिजे, पण आत्ता तू लिहून राहिली ती मनोहरची गोष्ट नाही, तू बडग्या बांधून राहिली.

नागपूरच्या बाहेरच्यांसाठी सांगते, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्याकडे मारबत निघते. काळी मारबत १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून, इतवारी-महालाच्या गल्ल्यांतून मिरवत नेतात आणि सोबत बडगे असतात, म्हणजे त्या वर्षी ज्याच्या ज्याच्यावर लोकांचा राग त्याचे पुतळे, भ्रष्टाचार, महागाई, कोणी पुढारी. 'इडा पीडा घेऊन जा गे मारबत' म्हणत सगळं नेऊन जाळतात. मी लहानपणापासून बघते, माझ्या मते आपल्या शहरातली ती सगळ्यात मोकळी जागा आहे, वर्षाचा राग एका दिवसात बाहेर पडतो. पण बडग्याला बाहेरून बघायचं असतं, त्याच्या आत कोणी जाऊन बसत नाही, आत कागद आणि बांबू असतात. आणि खेळता येणाऱ्या गोष्टीत तू खेळणाऱ्याला नेमकं तिथेच बसवते आणि सांगते की आता आम्ही तुला जाळणार, त्यासाठी काडी पण तूच ओढ. चौघं उठून गेले त्यात त्यांची काही चूक नाही.

हे मला कसं समजलं तर मीही बांधला होता. सुरुवातीच्या वर्षांत एक गोष्ट लिहिली, नायिका एका एकत्र कुटुंबातली थोरली जाऊ, घरातल्या किल्ल्या तिच्या कमरेला, धाकटीला फ्रिजसुद्धा विचारून उघडावा लागतो अशी. ती ज्या खऱ्या बाईवरून उचलली होती तिच्यावर माझा फार राग होता आणि तो मी पॅसेज-पॅसेजमध्ये ओतला. शेजारच्या एका रिटायर्ड मास्तरांना खेळायला दिली. मी त्यांच्या मागे खुर्ची टाकून बसली होती, उन्हाळ्याचे दिवस, कुलर चालू. मास्तरांनी चौथ्या की पाचव्या सीनला माउसवरून हात उचलला, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, 'हिला तुम्ही मारायलाच आणलं दिसते, मग मले कशाला विचारता काय करू म्हणून.' बस्स, तेवढंच. माझे दीड वर्षाचे कष्ट होते त्यात, मला फार लागलं ते, पण त्यांचं शंभर टक्के बरोबर होतं. ऑप्शन तीन होते पण निकाल मी आधीच लावून बसली होती. नंतर ती गोष्ट परत लिहिली तेव्हा फक्त एकच काम केलं, किल्ल्यांचा जुडगा तिच्या कमरेला टोचतो कुठे, रात्री ती तो काढून कुठे ठेवते, आणि काढल्यावर तिला हलकं वाटतं की भीती वाटते, इथून सुरू केलं. राग गेला नाही माझा. पण बाई दिसायला लागली.

आता तुझ्या मनोहरकडे येऊ. सहानुभूती हा शब्दच तू काही दिवस बाजूला ठेव. खेळणाऱ्याला मनोहर आवडायला नको, पटायलाही नको, त्याच्या डोळ्यांनी बगीचा दिसला पाहिजे. या प्रकारच्या लिखाणात प्रत्येक वर्णन हे नायकाचं बघणं असतं, खोलीत काय आहे ते नाही, त्याला काय दिसलं ते. आणि संत्र्याच्या व्यापाऱ्याचं बघणं म्हणजे सोनं आहे गं लिहिणाऱ्यासाठी, तो झाडाखालून एक चक्कर मारतो आणि त्याला अंदाज येतो किती माल निघेल, बहारासाठी पाणी तोडून झाडाला ताण नीट दिला होता की नाही, पानं काळी करणारी कोळशी येऊन गेली का, पाणी कुठे कमी पडलं. हे सगळं तुला मामांमुळे माहीत आहे, तुझ्या ड्राफ्टमध्ये मात्र एका झाडाचंही नीट वर्णन नाही. मी पहिला पॅसेज माझ्या पद्धतीने लिहून बघितला, तू हाच वापर असं नाही, फक्त फरक दिसावा म्हणून देते:

'बांधावरून आत शिरतानाच तुला चौथ्या ओळीतलं झाड दिसतं. पानं गुंडाळली आहेत. आठ-दहा दिवस पाणी कमी पडलंय. खाली फळं पडलीत, तू मोजत नाहीस, आकडा आपोआप येतो, पंधरा-सोळा. वामनराव खुर्ची पुसून देतात, आत चहा सांगतात. कप नवे आहेत. बशीला अजून दुकानाचं स्टिकर आहे. म्हणजे घरात काहीतरी ठरून राहिलं, पोरीचंच असेल. ज्याच्या घरी कार्य आहे तो भाव वाढायची वाट बघत बसू शकत नाही. तू चहा बशीत ओततोस.'

यात कुठेही तो लोभी आहे असं म्हटलेलं नाही. तो हुशार आहे, त्याला झाड कळतं, माणूस कळतो, नव्या कपाचं स्टिकर दिसतं. आणि जे दिसतं त्याचा तो लगेच हिशोब करतो, पाहुणचारातूनसुद्धा. खेळणाऱ्याला आधी त्याची नजर आवडते, अरे वा काय पकडलं याने, आणि दुसऱ्याच क्षणी पोटात गोळा येतो की आपण काय पकडलं. तो गोळा तुला पाहिजे. तो बाहेरून 'लोभी' लिहून येत नाही.

मग ऑप्शन. तुझे ऑप्शन होते 'भाव निम्मा कर', 'आणखी पाड', 'अपमान करून निघून जा'. तिन्हींत खेळणारा वाईटच, प्रश्न फक्त किती वाईट, आणि मास्तर म्हणाले तसं मग विचारायचं कशाला. मी त्या जागी असे ठेवेन. एक, 'गळ लय आहे, वामनराव', म्हणजे फळं फार गळून राहिली. दोन, 'लग्न केव्हाचं काढलं?' तीन, चहा संपेपर्यंत काही बोलायचं नाही. दहापैकी सात-आठ जण दुसरा दाबतील बघ, कारण तो माणुसकीचा वाटतो, भाव करायला आलो तरी घरचं विचारावं. वामनराव खुश होऊन तारीख सांगतात. आणि तारीख कळली की मनोहरला कळलं यांना पैसे कोणत्या दिवशी लागणार. आता खेळणाऱ्याने चांगल्या मनाने केलेला प्रश्न सौद्याच्या कामी आला, आणि मनोहर वाईट कसा झाला असेल तेही त्याला आतून थोडं कळलं, कारण मनोहरही कधीतरी हा प्रश्न खरोखरच आपुलकीने विचारत असेल. मी असे ऑप्शन शोधायला एकेका सीनला दोन-दोन दिवस घालवते, सगळ्यात जास्त वेळ यातच जातो आणि गेला पाहिजे.

चांगला ऑप्शन द्यावा का, हा तुझा दुसरा प्रश्न. दे, पण फुकट देऊ नको. 'वामनरावांना पूर्ण भाव दे' असा ऑप्शन पहिल्याच सीनला ठेवला तर सगळे तेच दाबतील आणि गोष्ट संपली. आणि ठेवून मग दाबल्यावर 'पण तू तसं करत नाहीस' म्हणालीस तर लोकं चिडतील, ती फसवणूक वाटते. फक्त एकच रीत अशी आहे जिच्यात नकार चालतो, जेव्हा नकार देणं हाच त्या माणसाचा स्वभाव असतो. २००० साली रॅमसिस नावाचा एक टाइप करून खेळायचा गेम आला होता, स्टीफन बॉन्डचा, त्यात बोर्डिंग शाळेतला एक मुलगा आहे, तुम्ही काहीही करायला सांगा, तो मनातल्या मनात काहीतरी कारण काढून ते टाळतो. खेळताना जीव जातो, ओरडावंसं वाटतं की अरे बोल ना रे बाबा एकदा तरी. पण थोड्या वेळाने लक्षात येतं की आपल्याला जी घुसमट होऊन राहिली तीच त्या मुलाची आहे. तो आवडत नाहीच, पण आपण त्याच्या शेजारी नसतो, त्याच्या आत असतो. २०१३ च्या डिप्रेशन क्वेस्टमध्ये तर योग्य वाटणारे ऑप्शन दिसतात आणि त्यांच्यावर रेघ मारलेली असते, वाचता येतात, दाबता येत नाहीत. तुझ्या मनोहरला हे एखाद्या ठिकाणी फार चांगलं लागू पडेल, पण एकदाच वापर.

जुन्यापैकी दोन नावं अजून घेते, कारण तुझी अडचण चाळीस वर्षं जुनी आहे. १९८३ ला इन्फोकॉम कंपनीने इन्फिडेल काढला. नायक खजिन्यामागे लागलेला हावरट माणूस, मजूर त्याला वाळवंटात एकटं टाकून निघून गेलेत, इथून सुरुवात, आणि शेवटी पिरॅमिडमध्येच तो मरतो. तो शेवट अनेकांना पटला नाही. मला विचारशील तर मरण्याची अडचण नव्हती, अडचण ही होती की तो कसा माणूस आहे याचा बराच भाग गेमच्या डब्यातल्या कागदांत होता आणि प्रत्यक्ष खेळताना आपण कोडी सोडवणारे साधे पाहुणे होतो, मग शेवटी शिक्षा झाली तर ती आपल्याला झाली असं वाटतं. याउलट ॲडम कॅड्रेचा १९९९ चा व्हॅरिसेला घे. राजा मेलाय, राजवाड्यातला एक मंत्री बाकीच्या दावेदारांना संपवून स्वतः कारभारी व्हायला बघतो, थंड डोक्याचा, खुनशी. पण प्रत्येक ओळ त्याच्याच चोखंदळ आवाजात आहे, पडदा कसा लावलाय, कोणाला कपड्यांची अक्कल नाही, आणि हे काम एका फेरीत होत नाही, परत परत हरून, कोण कुठे केव्हा असतो हे पाठ करून करावं लागतं, म्हणजे त्याची कारस्थानी बुद्धी खेळणाऱ्याला स्वतःच्या डोक्यात वाढवावी लागते. मी तो किती वेळा हरली ते मोजलं नाही. त्या मंत्र्याबद्दल मला आजही जिव्हाळा नाही, पण त्याचा राजवाडा मला माझ्या घरासारखा पाठ आहे.

आता मराठीचा मुद्दा, आणि हा मला सगळ्यात जवळचा आहे. १९७६ च्या कोलोसल केव्ह ॲडव्हेंचरपासून या गोष्टी 'तू' म्हणून सांगायची पद्धत पडली, पण इंग्रजीच्या त्या 'यू'ला ना लिंग, ना मान, कोणीही आत शिरावं. आपल्या 'तू'चं तसं नाही. 'तू चहा ओततोस' म्हटलं की पुरुष झाला, 'तुम्ही' म्हटलं की अंतर आलं, वय आलं. तुझ्या ज्या मैत्रिणीने सोडलं तिला पहिल्याच ओळीत 'तू व्यापारी आहेस' म्हणून ढकललंस, तयारी नसताना. 'मी' मध्ये लिहून बघ, किंवा ऑप्शन आज्ञार्थी ठेवूच नको. 'भाव पाड' हा हुकूम आहे, तो दाबताना खेळणारा मालक होतो आणि मनोहर नोकर. तेच मनोहरच्या तोंडचं वाक्य ऑप्शन म्हणून दिलं, 'गळ लय आहे, वामनराव', की खेळणाऱ्याला ते मनात त्याच्या आवाजात म्हणावं लागतं. आवाज तोंडात घोळला की अर्धं काम झालं. म्हणून त्याची बोली सांभाळ, तुझा मनोहर पुस्तकी बोलतो, 'मी आपणास अधिक दर देऊ शकत नाही', काटोलच्या बांधावर असं कोण बोलतं गं.

आणि याच्याही आतली गोष्ट, पडला आणि पाडला. एका कान्याचा फरक आहे. व्यापारी कधी म्हणत नाही मी भाव पाडला, तो म्हणतो भाव पडला. जसा पाऊस पडला, तसा भाव पडला, कोणाचा हात नाही त्यात. माझ्या मते अख्खा मनोहर त्या एका कान्यात बसलाय. तर गोष्टभर त्याच्या सगळ्या पॅसेजमध्ये काटेकोरपणे 'पडला' ठेव, 'फळ पडलं', 'भाव पडला', 'सौदा मोडला गेला', 'वामनरावांना राग आला', कर्ता कुठे येऊच देऊ नको. खेळणाऱ्याच्या लक्षात येणार नाही, पण कानाला सवय होईल. मग एका सीनला, अगदी उशिरा, तो रात्री वहीत नोंद लिहितोय असं कर, वाक्य अर्धवट सोड, 'वामनरावांचा भाव', आणि पुढे दोन लिंका, पडला, पाडला. बाकी काही नको, संगीत नको, समजावणी नको. कोणताही दाबला तरी वामनरावांचे पैसे तेवढेच राहतील, फक्त पुढच्या पॅसेजपासून वाक्यांची ठेवण बदलेल. एक व्हेरिएबल लागेल, म्हणजे कोणता शब्द दाबला ते लक्षात ठेवणारी खूण, तुला जमतं ते. इंग्रजीत लिहिणाऱ्याला हे असं एका कान्यात करता येणार नाही, आपल्याला येतं, तर करावं.

एक राहिलं. आजारी आई नको म्हणाली, पण त्याला एक नियम जरूर दे. भाव पाडतो, घासाघीस करतो, सगळं खरं, पण एकदा हातात इसार ठेवला की सौदा फिरवत नाही, असा काहीतरी, जो तो स्वतः अभिमानाने सांगतो. म्हणजे पाडापाडी जी करायची ती इसाराच्या आधी, तोडीच्या वेळेस नाही. हो, याने तुझी मूळ गोष्ट बदलते, मला कळतं, पण ऐक. अशा नियमाला खेळणारा धरून चालतो, अंधारात जिन्याचा कठडा धरावा तसा. पूर्ण चांगुलपणाची गरज पडत नाही मग. आणि तोच नियम शेवटी तुला मोडायला घालता येतो. नागपूरच्या कळमना बाजारात आवक वाढली, बाहेरची गाडी आली नाही, वामनरावांना दिलेला इसार पाळला तर मनोहर बुडतो. आता कर म्हणावं क्लिक. जे मामांसोबत झालं ते तिथे येऊ दे, शेवटी, जेव्हा खेळणारा त्याच्या नियमाला स्वतःचा मानायला लागलाय. पहिल्याच पानावर आणलंस तर ती तक्रार होते फक्त.

मी काय करत नाही तेही सांगते. लहान मुलाला मार, बाईवर जबरदस्ती, असं काही मी खेळणाऱ्याच्या बोटाने घडवत नाही. गोष्टीत येतं, पण ऑप्शन म्हणून नाही, आणि सुरुवातीला स्पष्ट लिहून ठेवते की आत काय आहे. ज्याला नको त्याने आधीच थांबावं. तुझ्या गोष्टीत वामनरावांच्या फवारणीच्या औषधाच्या डब्याचा जो उल्लेख आहे आणि पुढे जी आत्महत्या सुचवलीय, त्याबद्दल सुरुवातीला लिही, विदर्भात हा विषय फार घरांच्या जवळचा आहे. आणि ते मनोहरला शिक्षा म्हणून तर अजिबात वापरू नको. खरं तर मी तो पॅसेज काढूनच टाकेन.

टेस्टिंगचं बघ. तू लिंक पाठवून दिली आणि नंतर विचारलं कशी वाटली. तसं नको, मागे बस, तोंड बंद ठेव आणि ऐक. माझी एकच खूण आहे. खेळता खेळता माणूस पुटपुटतो, सगळेच पुटपुटतात. तो 'मी याला विचारतो आता' म्हणाला तर आत आहे, 'हा काऊन असा करून राहिला' म्हणाला तर बाहेर. मी ते शब्द कानाने टिपत असते, मी, मी, मी, आणि ज्या ओळीला 'मी'चा 'हा' झाला त्या ओळीवर पेन्सिलीने फुली. घरी येऊन फुल्या बघते, जवळपास दर वेळेस तिथे माझंच मत घुसलेलं असतं, 'निर्दयपणे', 'निर्लज्जपणे' असं एखादं क्रियाविशेषण. तुझ्या ड्राफ्टमध्ये अशी मी बावीस मोजली. ती आज रात्रीच काढ, अजून काही बदलायच्या आधी, आणि परत वाचून बघ किती फरक पडतो.

ज्यांना लिहायचं नाही, नुसतं खेळायचं आहे आणि तरी हाच त्रास होतो त्यांच्यासाठी दोन शब्द. सोडावंसं वाटलं तर सोडा, त्यात कमीपणा काही नाही. पण सोडायच्या आधी एक करून बघा, या माणसाला काय आवडावं हे शोधणं थांबवा आणि त्याला काय दिसत नाही ते शोधा. सगळ्या खोल्यांचं वर्णन आहे आणि बायकोचा चेहरा एकदाही नाही, असं काहीतरी सापडतं. सापडलं की गोष्ट निराळीच होते. नाहीच सापडलं तर बहुतेक लिहिणाऱ्यानेच बडग्या बांधलाय, खुशाल बंद करा.

तुला आता काम सांगते. आंबिया बहाराच्या संत्र्यांची तोड सुरू व्हायला वेळ आहे अजून, पण व्यापारी बगीचे बघायला त्याच्या आधीच फिरायला लागतात. मामांना सांग आणि त्या दिवशी जा काटोलला. कोणाशी वाद घालू नको, चहा देणाऱ्यांत राहा. तो येईल तेव्हा त्याची नजर आधी कुठे जाते ते बघ, शेंड्याला, बुंध्याला, विहिरीकडे, की दारातल्या चपलांकडे. हात कुठे ठेवतो, फळ तोडून बघतो की नुसतं दाबतो, सोललं तर साल कुठे टाकतो. तुला राग येईल, येऊ दे, पण वहीत राग नको लिहू, फक्त त्याने काय काय पाहिलं ते क्रमाने लिही, निदान वीस गोष्टी. मग पहिला पॅसेज त्या वीसमधून नव्याने लिही आणि मला पाठव. मामांचं नाव आणि गाव बदलून पाठवशील.